चालढकल : चुकीच्या समजुती आणि उद्याची नजर

मी बँकेत कारकून आहे. वीस वर्षांहून अधिक काळ काउंटरच्या या बाजूला बसून माणसांच्या सवयी पाहण्याचा योग आला. दरवर्षी मार्च महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या शाखेत रांग लागते. सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीच्या खात्यात वर्षाची रक्कम भरणारे लोक त्या रांगेत मोठ्या संख्येने असतात. त्यांपैकी कित्येकांकडे हे पैसे एप्रिलपासूनच बचत खात्यात पडून असतात. तीच रक्कम ५ एप्रिलपूर्वी भरली असती, तर त्या खात्याचे पूर्ण वर्षाचे व्याज मिळाले असते, हेही त्यांना ठाऊक असते. तरीही दरवर्षी तेच लोक, तीच रांग आणि तेच वाक्य, "पुढच्या वर्षी मात्र लवकर येणार हं, साहेब!"

आपल्या संस्थेच्या अभ्यासिकेत रविवारी मी थोडा वेळ बसतो. तेथे येणाऱ्या मुलामुलींकडे पाहताना मला या रांगेची आठवण होते. ही मुले मंद नाहीत आणि आळशी तर मुळीच नाहीत. कुणी सकाळी वर्तमानपत्रे टाकून येतो, कुणी घरचे पाणी भरून येते. तरीही शिष्यवृत्तीचा अर्ज शेवटच्या दिवशी, प्रकल्पाची वही शेवटच्या रात्री आणि अभ्यास परीक्षेच्या तोंडावर, असा अनेकांचा क्रम असतो. तहान लागल्यावर विहीर खणणे म्हणतात ते हेच. असे का होते, यावर मानसशास्त्राने गेल्या पन्नासएक वर्षांत बराच विचार केला आहे. मी काही मानसशास्त्रज्ञ नव्हे. कला शाखेचा पदवीधर आणि वाचनाची आवड असणारा एक सामान्य माणूस. परंतु वाचून जे समजले आणि डोळ्यांनी जे पाहिले, ते विद्यार्थी मित्रांपुढे आणि सभासद बंधू-भगिनींपुढे मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

एक अर्ज, जो दप्तरातच राहिला

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. अभ्यासिकेत येणारा एक हुशार मुलगा. नाव सांगत नाही. बारावीनंतर व्यावसायिक अभ्यासक्रमाला जाण्याची त्याची पूर्ण तयारी होती. राखीव जागेवरील प्रवेशासाठी जात पडताळणी प्रमाणपत्र लागते, हे त्याला अकरावीतच सांगितलेले होते. त्याच्या वडिलांनी गावी दोन खेपा घालून आजोबांच्या शाळेचा उतारा मिळवला. सर्व कागद एका पिशवीत गोळा झाले. अर्ज मात्र भरला गेला नाही. आज भरू, उद्या भरू असे करता करता बारावीचे वर्षही संपले. प्रवेशाच्या वेळी प्रमाणपत्र हातात नव्हते, मुदत टळली आणि गुणांवर मिळालेली जागा गेली.

मी त्याला रागावलो नाही. फक्त विचारले, "बाळा, कागद सगळे होते, मग अडले कुठे?" तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "काका, अर्जात एक जरी चूक झाली असती तर सगळंच गेलं असतं. म्हणून नीट वेळ काढून, एकदम बरोबर भरायचा होता."

हे उत्तर मी विसरू शकलो नाही. चूक होईल म्हणून त्याने अर्जच भरला नाही आणि ज्याची भीती होती तेच पदरात पडले. हा आळस नव्हता, ही एक समजूत होती. आणि त्या समजुतीने त्याचे एक वर्ष घेतले.

चालढकल म्हणजे नेमके काय?

प्रत्येक उशीर म्हणजे चालढकल नव्हे, हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे. घरात आजारपण आहे, बसायला जागा नाही, दिवसभर मजुरी करून रात्री डोळे मिटतात, कचेरीतून दाखलाच मिळत नाही, अशा कारणांनी होणारा उशीर हा परिस्थितीचा भाग आहे. त्याबद्दल विद्यार्थ्याला बोल लावणे अन्यायाचे होईल. थकल्यावर घेतलेली विश्रांती ही सुद्धा चालढकल नाही. एखादे काम महत्त्वाचे आहे, ते आज करणे शक्य आहे, पुढे ढकलल्याने आपलेच नुकसान आहे हे ठाऊक आहे आणि तरीही आपण होऊन ते पुढे ढकलणे, याला चालढकल म्हणावे.

हा रोग आपल्याकडेच आहे असे नाही. अमेरिकेतील लॉरा सॉलोमन आणि एस्थर रॉथब्लम या दोन संशोधिकांनी १९८४ साली महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची पाहणी प्रसिद्ध केली. सत्राचा निबंध लिहिण्याचे काम आपण नेहमी किंवा जवळजवळ नेहमीच पुढे ढकलतो, असे ४६ टक्के विद्यार्थ्यांनी सांगितले. परीक्षेच्या अभ्यासाबाबत असे सांगणारे सुमारे २८ टक्के होते. कारणे तपासली तेव्हा दोन कारणे ठळकपणे पुढे आली. एक, अपयशाची भीती आणि दुसरे, कामाचा कंटाळा किंवा तिटकारा. वेळेचे नियोजन जमत नाही एवढ्यावर हा प्रश्न संपत नाही, हे या पाहणीने दाखवून दिले.

अल्बर्ट एलिस यांचा विचार

मनातील समजुती आणि आपले वागणे यांचा संबंध ज्यांनी ठासून मांडला, ते अमेरिकन मानसशास्त्रज्ञ म्हणजे अल्बर्ट एलिस (१९१३–२००७). १९५५ च्या सुमारास त्यांनी स्वतःची उपचारपद्धती मांडण्यास सुरुवात केली. मराठीत ती विवेकनिष्ठ उपचारपद्धती म्हणून ओळखली जाते. मुंबईचे मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांनी ती आपल्याकडे रुजवण्यासाठी मोठे परिश्रम घेतले.

एलिस यांचे म्हणणे थोडक्यात असे. आपल्याला वाटते की घटनेमुळे आपल्याला त्रास होतो. प्रत्यक्षात घटना आणि त्रास यांच्यामध्ये तिसरी एक गोष्ट उभी असते, ती म्हणजे त्या घटनेविषयीची आपली समजूत. परीक्षा दोन महिन्यांवर आली, ही घटना. छातीत धडधड होणे आणि पुस्तक मिटून ठेवणे, हा परिणाम. मधली समजूत अशी की, 'मला चांगले गुण मिळालेच पाहिजेत, नाहीतर मी कुचकामी ठरेन.' दुसरा विद्यार्थी त्याच परीक्षेकडे पाहून म्हणतो, 'चांगले गुण मिळावेत अशी माझी फार इच्छा आहे. नाही मिळाले तर वाईट वाटेल, पण मी संपणार नाही.' घटना तीच, पण दुसरा विद्यार्थी अभ्यासाला बसतो. इच्छा असणे विवेकाला धरून आहे. इच्छेचा हट्ट झाला की तो अविवेक होतो.

एलिस हे नुसते सांगून थांबले नाहीत. तरुणपणी ते स्वतः फार लाजाळू होते. वयाच्या १९ व्या वर्षी त्यांनी स्वतःवरच एक प्रयोग केला. न्यूयॉर्कच्या एका बागेत महिनाभर जाऊन त्यांनी शंभराहून अधिक अनोळखी स्त्रियांशी बोलण्याचा प्रयत्न केला. त्यातून पुन्हा भेटायला तयार झाली एकच, आणि तीही आली नाही! व्यवहाराच्या दृष्टीने हा संपूर्ण पराभव होता. परंतु नकार मिळाल्याने काहीही आकाश कोसळत नाही, हे त्यांना अनुभवाने कळले आणि भीती गेली. भीती जाईपर्यंत थांबून ती जात नाही, भीतीसकट काम केले की ती कमी होते, हा धडा विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवण्यासारखा आहे.

१९७७ साली एलिस यांनी विल्यम क्नाउस यांच्यासह चालढकलीवर एक स्वतंत्र पुस्तक लिहिले. त्यात त्यांनी मुख्यतः तीन मुळे सांगितली. स्वतःला कमी लेखणे, त्रास सहन करण्याची तयारी नसणे आणि इतरांवरचा राग.

आपल्या ओळखीच्या चार समजुती

ही मुळे आपल्या मुलांच्या बोलण्यात कोणत्या रूपाने दिसतात ते पाहू.

पहिली समजूत : 'करायचे तर उत्तमच, नाहीतर नको.' वर सांगितलेल्या मुलाची हीच समजूत होती. आपल्याकडे तिचे आणखी एक रूप आढळते. दरवर्षी १४ एप्रिलच्या सुमारास अनेक ठिकाणी सलग अठरा तास अभ्यासाचा उपक्रम होतो. उपक्रम चांगलाच आहे. परंतु एक मुलगी मला म्हणाली, "काका, बाबासाहेब अठरा तास वाचायचे. माझे दोन तास होत नाहीत. मग मी कसली शिकणार?" आदर्शाकडून बळ घ्यायचे सोडून तिने त्याच्याकडून स्वतःला कमी लेखायला सुरुवात केली होती. मी तिला बाबासाहेबांच्याच शिक्षणातील एक भाग सांगितला. लंडनचे त्यांचे शिक्षण १९१७ साली शिष्यवृत्ती संपल्यामुळे अर्ध्यावर तुटले. ते १९२० साली पुन्हा गेले. १९२३ साली डॉक्टरेटचा प्रबंध सादर केला, तो परीक्षकांनी जसाच्या तसा स्वीकारला नाही. त्यांनी तो सुधारून पुन्हा पाठवला आणि मग तो मान्य झाला. म्हणजे जे तुटले ते पुन्हा जोडायचे आणि जे परत आले ते दुरुस्त करून पुन्हा द्यायचे. अठरा तासांइतकाच हाही धडा महत्त्वाचा आहे, आणि तो दोन तास अभ्यास करणाऱ्यालाही घेता येतो.

दुसरी समजूत : 'मूड आल्याशिवाय अभ्यास होत नाही.' कामाचा कंटाळा आला की ते सहनच होणार नाही, असे मन सांगते. वास्तविक कंटाळा हा त्रासदायक असतो, असह्य नसतो. सुरुवातीच्या दहा-पंधरा मिनिटांत तो बहुधा ओसरतो. स्वयंपाक करणारी आई मूड येण्याची वाट पाहत नाही.

तिसरी समजूत : 'दडपण आल्यावरच माझे डोके चालते.' शेवटच्या रात्री काम उरकले गेले की ही समजूत आणखी पक्की होते. डायन टाइस आणि रॉय बाउमाइस्टर यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांवर सत्रभर लक्ष ठेवले. चालढकल करणारे सत्राच्या आरंभी इतरांपेक्षा निश्चिंत होते. सत्राच्या अखेरीस मात्र त्यांचा ताण आणि आजारपण इतरांहून वाढले, एकूण हिशेबात त्यांनी अधिक त्रास भोगला आणि गुणही कमी मिळाले. कर्जाचा हप्ता चुकवला तर त्या महिन्यात हात मोकळा वाटतो. व्याज पुढे चढतच असते.

चौथी समजूत : 'मला का म्हणून हे करावे लागते?' सर नीट शिकवत नाहीत, अभ्यासक्रम निरुपयोगी आहे, घरचे सारखे मागे लागतात, या रागातून काही मुले अभ्यास टाळतात. राग खरा असू शकतो, तक्रारही रास्त असू शकते. परंतु अभ्यास न करण्याने शिक्षा होते ती स्वतःलाच.

समजुती एवढेच कारण आहे काय?

येथे प्रामाणिकपणे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. एखादा विचार पटण्यासारखा असला म्हणून तो संपूर्ण सत्य असतोच असे नाही. कॅनडातील संशोधक पिअर्स स्टील यांनी २००७ साली चालढकलीवरील तोवरचे संशोधन एकत्र करून तपासले. तेव्हा असे दिसले की, अविवेकी समजुती आणि चालढकल यांचा संबंध एकूणात दुबळाच निघतो. परिपूर्णतेच्या हट्टाबाबतही तसेच. त्याहून अधिक बळकट संबंध निघाला तो काही वेगळ्या गोष्टींशी. काम नकोसे वाटणे, त्याचे फळ फार लांब असणे, आपल्याला हे जमेल हा विश्वास नसणे आणि समोरच्या मोहाकडे चटकन ओढले जाणे.

मग एलिस चुकले काय? मला तसे वाटत नाही. सर्वांची सरासरी काढली की संबंध दुबळा दिसतो, पण एखाद्या मुलाच्या बाबतीत तीच समजूत मुख्य अडसर असू शकते. ज्याचा आत्मविश्वास आधीच कमी आहे, त्याला अपयशाची भीती अधिक अडवते. घरात पहिल्यांदाच कुणी महाविद्यालयात जात असते, तेव्हा 'आपण चुकलो तर सगळ्यांची मान खाली जाईल' हे ओझे त्याच्या एकट्याच्या डोक्यावर असते. म्हणून समजुती तपासायच्याच, पण तेवढ्यावर थांबायचे नाही. फळ लांब असणे, या दुसऱ्या कारणाकडेही पाहिले पाहिजे. आणि तेथेच उद्याच्या नजरेचा प्रश्न येतो.

उद्याची नजर

माणूस काळाकडे कसा पाहतो, यावर फिलिप झिम्बार्डो आणि जॉन बॉइड यांनी १९९९ साली एक प्रश्नावली मांडली. तिच्यात पाच प्रकारच्या नजरा सांगितल्या आहेत. भूतकाळातील कडू आठवणींत राहणारी, भूतकाळातील गोड आठवणींत रमणारी, आजच्या सुखात रमणारी, आज जे आहे ते नशिबाचे आहे असे मानणारी आणि भविष्याकडे पाहून आजची कामे आखणारी. प्रत्येकात या पाचही थोड्याथोड्या असतात. कोणती प्रबळ, यावर वागणे अवलंबून राहते.

फुशिया सिरवा या संशोधिकेने २०१४ साली याविषयीचे अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले. ज्यांची भविष्याकडे पाहण्याची नजर पक्की, त्यांच्यात चालढकल कमी, असा स्पष्ट संबंध त्यांना आढळला. सिरवा आणि टिमोथी पिचिल यांनी त्याआधी २०१३ साली आणखी एक मुद्दा मांडला होता. चालढकल करणारा माणूस वेळेचा हिशेब चुकवतो असे म्हणण्यापेक्षा, तो या घडीचे वाईट वाटणे टाळतो. पुस्तक उघडले की भीती वाटते, मिटले की बरे वाटते. हे बरे वाटणे आजच्या 'मी'ला मिळते आणि बिल उद्याच्या 'मी'च्या नावावर जाते. उद्याचा 'मी' हा आपल्याला जणू कुणी परका माणूस वाटतो. परक्याच्या नावावर उधारी करायला मनाला फारसे जड जात नाही.

ही गोष्ट बँकेत मी रोज पाहतो. हॅल हर्शफील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. तरुणांना संगणकाच्या साहाय्याने त्यांचाच म्हातारपणीचा चेहरा दाखवला. ज्यांनी तो पाहिला, त्यांनी निवृत्तीसाठी अधिक रक्कम बाजूला काढण्याची तयारी दाखवली. उद्याचा माणूस डोळ्यांना दिसला, ओळखीचा वाटला, म्हणून त्याच्यासाठी आज हात खिशात गेला.

नजर आहे, पण समोर रस्ता दिसत नाही

मात्र येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. 'भविष्याकडे पाहा' असे सांगणे सोपे आहे. ज्याच्या वडिलांच्या हाताला रोज काम मिळेल याची खात्री नाही, त्याला पाच वर्षांनंतरचे चित्र कसे दिसावे? "शिकून तरी काय होणार, काका? अमक्याचा दादा पदवी घेऊन घरीच बसलाय," असे एखादा मुलगा म्हणतो, तेव्हा तो आळशी नसतो. त्याची आशा कमी झालेली असते. झिम्बार्डो ज्याला नशिबाची नजर म्हणतात, ती पुष्कळदा अनुभवातून आलेली असते. स्टील यांच्या संशोधनाचे सूत्रही हेच सांगते की, यश मिळेल असे वाटतच नसेल तर माणूस कामाला हात घालत नाही.

याच्या उलट टोकही आहे. भविष्याचे चित्र फार मोठे, पण पायरी एकही नाही. पुण्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांमध्ये हे दिसते. पुस्तके बदलतात, वेळापत्रके बदलतात, वर्षे जातात. दिवसभर अभ्यासिकेत बसूनही एक काम पुढे ढकललेले असते, ते म्हणजे किती प्रयत्न करायचे आणि नाही झाले तर दुसरा मार्ग कोणता, याचा निर्णय. तो घ्यायची भीती वाटते म्हणून 'पुढचा अटेम्प्ट' येत राहतो. भविष्याचे स्वप्न आणि भविष्याची नजर यांत फरक आहे. स्वप्नात शेवट दिसतो, नजरेला पुढची पायरी दिसते.

मग करावे काय?

१. समजूत कागदावर उतरवा. वहीचे पान तीन भागांत विभागा. काय घडले, मनात काय आले आणि मी काय केले. मग मधल्या वाक्याला प्रश्न विचारा. हे खरे कशावरून? 'च' काढून टाकला तर वाक्य कसे होईल? 'पास झालोच पाहिजे' च्या जागी 'पास व्हायचे आहे, त्यासाठी आज काय करू?' असे लिहून पाहा.

२. काम लहान करा. 'इतिहास संपवायचा' हे काम नव्हे, तो डोंगर आहे. 'पहिल्या धड्याची चार पाने वाचून पाच मुद्दे काढायचे' हे काम आहे. अगदीच नको वाटत असेल तर दहाच मिनिटे बसायचे ठरवा.

३. वेळ आणि जागा आधी ठरवा. पीटर गॉलविट्झर यांच्या संशोधनात असे दिसले की, 'करणार आहे' म्हणणाऱ्यांपेक्षा 'केव्हा आणि कुठे करणार' हे ठरवणारे कितीतरी अधिक संख्येने काम पूर्ण करतात. 'संध्याकाळी साडेसातला, जेवणाआधी, अभ्यासिकेतल्या खिडकीजवळच्या टेबलावर' असे ठरवा. मोबाइल त्या टेबलावर नको. मोह जवळ ठेवून मनाची परीक्षा पाहण्यात अर्थ नाही.

४. मधल्या मुदती घाला. डॅन एरिएली आणि क्लाउस व्हेर्टेनब्रोख यांनी २००२ साली दाखवून दिले की, कामाला एकच शेवटची तारीख देण्यापेक्षा सारख्या अंतराने मधल्या तारखा घातल्या तर काम चांगले होते. स्वतः घातलेल्या मुदतीही उपयोगी पडतात, पण बाहेरून समान अंतरावर घातलेल्या त्याहून अधिक. म्हणून आपली तारीख मित्राला किंवा ताईला सांगून ठेवा आणि त्या दिवशी काम दाखवायला जा.

५. उद्याच्या माणसाशी ओळख करून घ्या. ज्या ठिकाणी पोहोचायचे आहे, तेथे आज असलेल्या एखाद्या माणसाला भेटा. परिचारिका व्हायचे असेल तर वस्तीतल्या परिचारिका ताईंना विचारा की, बारावीनंतर पहिले काय केले. चित्र स्पष्ट झाले की अंतर कमी वाटते.

६. झालेल्या चालढकलीबद्दल स्वतःला मारत बसू नका. मायकेल वोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली कॅनडातील प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पहिल्या परीक्षेच्या वेळी केलेल्या चालढकलीबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केले, त्यांनी पुढच्या परीक्षेच्या वेळी कमी चालढकल केली. स्वतःला शिव्या दिल्या की अभ्यासाबरोबर शरमही चिकटते आणि पुस्तक आणखी नकोसे होते. धम्मपदाचा दुसरा वर्ग 'अप्पमाद' म्हणजे सावधपणा या विषयाला वाहिलेला आहे. सावध माणूस चूक पाहतो, पाऊल सुधारतो आणि पुढे चालतो.

७. थोडे पण रोज. आवर्ती ठेवीचे खाते आम्ही उघडतो, तेव्हा हप्ता किती मोठा यापेक्षा तो दर महिन्याला येतो का, हे महत्त्वाचे असते. रोज ४५ मिनिटे असा २०० दिवस अभ्यास केला तर १५० तास होतात. म्हणजे अठरा तासांचे पूर्ण आठ दिवस आणि वर सहा तास. ही बेरीज मी त्या मुलीला कागदावर करून दाखवली. तो कागद तिने वहीत जपून ठेवला आहे.

सभासदांसाठी थोडेसे

हा प्रश्न केवळ विद्यार्थ्यांचा नाही. 'आळशी' हा शब्द आपण मोठी माणसे फार सहज वापरतो. त्याने काम होत नाही, फक्त मुलाची स्वतःबद्दलची वाईट समजूत पक्की होते. त्याऐवजी काही साध्या गोष्टी करता येतील. शिष्यवृत्ती, प्रवेश आणि पडताळणीच्या शेवटच्या तारखा अभ्यासिकेच्या फळ्यावर महिनाभर आधी मोठ्या अक्षरांत लिहाव्यात. वर्षातून चार रविवार अर्ज भरण्यासाठीच ठेवावेत. ज्यांना कागदपत्रांची सवय आहे अशा नोकरदार सभासदांनी त्या दिवशी मुलांशेजारी बसावे. चूक झाली तर दुरुस्त करता येते, हे मुलाला शेजारी बसलेल्या माणसाकडून कळते, भाषणातून कळत नाही. आणि जी मुले शिकून मार्गाला लागली, त्यांना बोलावून त्यांच्या यशाबरोबर त्यांचे नापास झालेले पेपरही सांगायला लावावेत.

शेवटी स्वतःविषयी सांगतो. अधिकारीपदाच्या बढतीच्या परीक्षेचा अर्ज मी तीन वेळा भरला. दोन वेळा परीक्षेला गेलोच नाही. तयारी अपुरी आहे, पुढच्या वेळी पूर्ण तयारीने बसू, असे बायकोला सांगितले आणि स्वतःलाही. तिसऱ्या वेळी बसलो आणि नापास झालो. दुसऱ्या दिवशी काउंटरवर नेहमीसारखा बसलो. कुणी हसले नाही, जग जिथल्या तिथे होते. आजही मी कारकूनच आहे. पण आता वाटते, त्या पहिल्या दोन वेळी नापास जरी झालो असतो, तरी तिसऱ्या वेळी कदाचित पास झालो असतो.

अर्ज दप्तरात ठेवणाऱ्या त्या मुलाने पुढच्या वर्षी पडताळणीचा अर्ज मुदतीच्या कितीतरी आधी भरला. त्यात एक चूक निघालीच! दुरुस्तीसाठी बोलावले गेले, तो गेला, दुरुस्त करून आला आणि प्रमाणपत्र मिळाले. आज तो त्याच अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. रविवारी येतो तेव्हा लहान मुलांचे अर्ज तोच तपासतो. परवा एक मुलगा त्याला म्हणाला, "दादा, उद्या भरतो." त्याने काही न बोलता खुर्ची ओढली आणि पेन पुढे केला.

विद्यार्थी मित्रहो, हा लेख वाचून झाला की जे एक काम तुम्ही पुढे ढकलले आहे ते आठवा. ते पूर्ण करण्याचे वचन देऊ नका. त्याची पहिली दहा मिनिटे आज करा, इतकीच विनंती.